वर्गाबाहेरची हिंदी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिंदी शिकण्याची वर्गाबाहेरची साधने कोणती आणि त्यांतले काय कोणाच्या उपयोगाचे, या विषयावर गेल्या दोन महिन्यांत रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. तालुका तेवढा ठेवला आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. हिंदी येत नाही अशी तक्रार फारशी कोणी केलेली नाही. हिंदी येते, पण ती कोठे चुकते ते कळत नाही, अशी बहुतेकांची अडचण आहे. लिपी एक, पुष्कळसे शब्द ओळखीचे आणि चित्रपट व दूरदर्शन यांमुळे कानाला सवय, म्हणून ही भाषा मुद्दाम शिकावी लागते हेच आपल्या ध्यानात येत नाही. त्यामुळे एखादे साधन किती हिंदी ऐकवते यापेक्षा मराठी आणि हिंदी यांतला फरक ते दाखवते का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही तारकर्लीजवळ घरातल्याच तीन खोल्या पर्यटकांना देतो. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत इंदूर, दिल्ली, लखनौ येथील कुटुंबे येतात. माझी हिंदी म्हणजे लग्नाआधी मुंबईला चाळीत राहत असताना कानावर पडलेली हिंदी. पाहुण्यांना ती समजते, पण कधीकधी वयस्कर माणसांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते आणि माझे काय चुकले ते कळत नाही. शिकवणी लावणे शक्य नाही. घरच्या घरी काय करावे? (एक वाचक, मालवण तालुका)

आपण पाहुण्यांशी कोणत्या शब्दांत बोलता हे पत्रात लिहिलेले नाही, तरी नाराजीचे कारण बहुधा ‘तुम’ या एका शब्दात असावे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अशा दोनच पायऱ्या रोजच्या बोलण्यात आहेत आणि ‘तुम्ही’ म्हटले की मान राखला गेला, असे आपण धरतो. हिंदीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘तुम’ हा शब्द आपल्या ‘तुम्ही’सारखा दिसतो, पण तो बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी आहे, आपल्या ‘तुम्ही’ची जागा हिंदीत ‘आप’ घेतो. म्हणजे मराठी माणूस मनात ‘तुम्ही बसा’ असे आदराने म्हणतो, तोंडाने ‘तुम बैठो’ म्हणतो आणि समोरच्या सत्तरीच्या गृहस्थांना आपण धाकटे ठरवल्यासारखे वाटते. मी स्वतः तरुणपणी गाडीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंशी अर्धा तास ‘तुम’ असेच बोलत होतो. उतरताना त्यांनी शांतपणे चूक सांगितली, ती आजही आठवते.

‘आप’ आला की क्रियापदही बदलते : आइए, बैठिए, रुकिए, देखिए. यांत चार रूपे वेगळी आहेत, ती पाठच करावीत : लीजिए, दीजिए, कीजिए, पीजिए. आपले निम्मे काम या चारांवर चालेल.

दुसरी गोष्ट मुंबईच्या वळणाची. ‘आपको मछली होना क्या?’, ‘मेरे को मालूम नहीं’, ‘कल जाने का है’ ही वाक्ये मुंबईत कोणालाही खटकत नाहीत. ती मुंबईची बोली आहे आणि तिच्या जागी ती योग्यच आहे. उत्तरेकडच्या पाहुण्यांशी मात्र ‘आपको मछली चाहिए?’, ‘मुझे मालूम नहीं’, ‘कल जाना है’ असे म्हणावे. या तीन सुधारणांनीच बोलण्याचा सूर पुष्कळ बदलतो.

साधन म्हणाल तर पहिले साधन शंभर पानी वही. तीत आपल्या घरात दिवसभर लागणारी चाळीस-पन्नास वाक्ये लिहून काढावीत : पाहुणे आले तेव्हाची, जेवणाची, समुद्राची, हिशेबाची, निरोपाची. बाजारात मिळणाऱ्या ‘तीस दिवसांत हिंदी’ छापाच्या पुस्तकांत विमानतळ आणि टपाल कार्यालय असते. कोळंबी आणि तिसऱ्या नसतात. कोळंबी म्हणजे झींगा, खेकडा म्हणजे केकड़ा, तिसऱ्यांना सीपी म्हटले की समजते, फणस म्हणजे कटहल, भरती-ओहोटी म्हणजे ज्वार-भाटा. (ज्वारीलाही हिंदीत ज्वारच म्हणतात, त्यामुळे हा शब्द ताटाजवळ वेगळा आणि किनाऱ्यावर वेगळा.) ‘अभी ज्वार चढ़ रहा है, कृपया पानी में मत उतरिए’ हे वाक्य तर घरातल्या प्रत्येकाला न अडखळता येणे आवश्यक आहे, कारण त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. सोलकढीला हिंदी शब्द शोधू नये. तिची ओळख करून द्यावी : ‘यह कोकम और नारियल के दूध से बनती है, खाने के बाद पी जाती है.’

ही वही तपासून घेण्यासाठी आपल्याकडे दर आठवड्याला नवे शिक्षक येतात. ‘इसे हिंदी में क्या कहते हैं?’ असे विचारले तर पाहुणे आनंदाने सांगतात, आणि त्या निमित्ताने दोन गोष्टी जास्त बोलतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतील तेव्हा ‘लीला’ ही संगणक प्रणाली उघडून पाहावी. केंद्र सरकारच्या राजभाषा विभागासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ती तयार केली आहे, ती विनामूल्य आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात मराठीच्या माध्यमातून हिंदी शिकण्याची सोय आहे. वाक्य ऐकावे, म्हणावे, पुन्हा ऐकावे, अशी तिची रचना असल्याने उच्चारासाठी ती उपयोगी पडेल. तिच्यातली वाक्ये कार्यालयाकडे झुकलेली आहेत. तेवढी गैरसोय सोसावी लागेल.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. हिंदीचा धडा ती घडाघडा वाचते, अर्थही सांगते, पण लिहायला लागली की ‘मेरा किताब’, ‘ठंडा चाय’ असे लिहिते. आमच्या गावात हिंदीची शिकवणी नाही आणि दापोलीला रोज पाठवणे परवडत नाही. घरी कोणती साधने द्यावीत? (एक पालक, दापोली तालुका)

आपल्या मुलीची चूक आळसाची नाही. मराठी मुलाने हिंदी लिहिताना करावी अशी ती अगदी स्वाभाविक चूक आहे. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. आपली नपुंसकलिंगी नामे हिंदीत जाताना कोठे तरी बसवावी लागतात, आणि ती सगळी एकाच बाजूला जात नाहीत. घर, दूध, दही, शहर ही पुल्लिंगी होतात. पुस्तक, नाक, छत ही स्त्रीलिंगी होतात. ‘ते नाक’ म्हणणाऱ्या मुलाला ‘उसकी नाक लंबी है’ हे कोणत्याही तर्काने सुचणार नाही. याहून अवघड गट म्हणजे दोन्ही भाषांत लिंग ठरलेले असूनही उलटे असलेले शब्द. तो आवाज, पण ‘मीठी आवाज़’. तो विजय, पण ‘हमारी विजय हुई’. तो देह, पण हिंदीत देह स्त्रीलिंगी. तो चहा, पण ‘गरम चाय बनी है’. उलट आपली मजा ‘आली’, हिंदीत मात्र ‘मज़ा आया’. हे शब्द इतके ओळखीचे असतात की ते तपासून पाहावेत असे वाटत नाही.

यासाठी लिंगाचे नियम पाठ करून घेऊ नयेत. नियम आहेत, पण त्यांना अपवाद फार. त्याऐवजी प्रत्येक नाम एका विशेषणासह किंवा क्रियापदासह लिहून ठेवण्याची सवय लावावी. ‘किताब – स्त्रीलिंग’ असे न लिहिता ‘मोटी किताब’ लिहावे. ‘नाक’ न लिहिता ‘लंबी नाक’, ‘दही’ न लिहिता ‘खट्टा दही’. जोडी कानात बसली की लिंग वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. आठवड्याला दहाच जोड्या कराव्यात, पण त्या मोठ्याने म्हणाव्यात. शब्दाचे लिंग पाहण्यासाठी घरात एक लहानसा हिंदी-मराठी शब्दकोश असावा. विकत घेण्यापूर्वी तो उघडून प्रत्येक नामापुढे ‘पुं.’ किंवा ‘स्त्री.’ दिले आहे याची खात्री करावी. ते नसेल तर तो कोश तिच्या उपयोगाचा नाही, मग किंमत कितीही कमी असो.

दुसरे साधन घरात आधीच आहे. बालभारतीचे ‘सुलभभारती’ हे हिंदी माध्यमात न शिकणाऱ्या मुलांसाठी तयार केलेले हिंदीचे पुस्तक आहे, आणि आधीच्या इयत्तांची पुस्तकेही बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आठवीच्या मुलीने सहावीचे पुस्तक पुन्हा वाचावे, यात कमीपणा मानू नये. अर्थ समजण्याची धडपड संपलेली असल्याने तिचे लक्ष आता क्रियापदांच्या शेवटाकडे जाऊ शकते, आणि आपल्याला तेच हवे आहे. एक परिच्छेद घेऊन त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि ते कोणत्या शब्दाप्रमाणे बदलले ते बाण काढून दाखवावे.

तिसरे साधन गोष्टींचे. प्रथम बुक्स या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मुलांची सचित्र पुस्तके अनेक भारतीय भाषांत विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतली पुष्कळ हिंदीत आहेत तशी मराठीतही आहेत. मुलीने आधी हिंदी गोष्ट वाचावी, मग मराठी उघडावी, आणि शेवटी मराठी समोर ठेवून दोन पाने हिंदीत स्वतः लिहून मूळ हिंदीशी ताडून पाहावीत. लाल शाई तिच्याच हातात द्यावी. शिक्षक जवळ नसताना आपली चूक आपल्याला दाखवील अशी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

एका जागी तिला विशेष सावध करावे. मराठीत ‘मी वाचले’, ‘तू वाचलेस’ यांत ‘ने’ दिसत नाही. तो ‘त्याने’, ‘तिने’ येथेच येतो. हिंदीत मात्र ‘मैंने पढ़ी’, ‘तुमने पढ़ी’, ‘हमने पढ़ी’ असा सर्वत्र येतो. याउलट ‘त्याने मासे आणले’ याचे हिंदी ‘वह मछली लाया’ असे होते, कारण ‘लाना’ हे सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही. आपल्या भाषेत ‘ने’ नाही तेथे हिंदीत आहे आणि आपल्या भाषेत आहे तेथे हिंदीत नाही, असे हे दुहेरी कोडे आहे. कर्माप्रमाणे क्रियापद बदलण्याची सवय तिला मराठीनेच दिलेली आहे, आणि बंगाली किंवा तमिळ मुलाच्या तुलनेत ही तिची मोठी जमेची बाजू आहे. तिला हे जरूर सांगावे.

भ्रमणध्वनीवरील भाषांतराच्या सोयी अर्थ कळण्यापुरत्या वापराव्यात, लेखन तपासण्यासाठी नको. ‘मी शाळेत जाते’ असे मुलीने लिहिले तरी अनेकदा उत्तर ‘मैं स्कूल जाता हूँ’ असे येते, आणि मग यंत्राने सांगितले म्हणून तेच पक्के होते.

प्रश्न : आमच्या गावच्या छोट्या वाचनालयात हिंदी पुस्तकांचे कपाट करायचे ठरले आहे. निधी थोडा आहे. कोणती पुस्तके घ्यावीत? (एक ग्रंथालय कार्यकर्ता, राजापूर तालुका)

ज्या जिल्ह्यात १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे त्या जिल्ह्यातल्या गावाने असे कपाट करावे, याचा मला मनापासून आनंद झाला. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय आणि चिपळूणचे १८६४ चे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन तेथील ग्रंथपालांना विचारावे की हिंदी पुस्तकांपैकी प्रत्यक्षात कोणती घरी नेली जातात. विक्रेत्याच्या यादीपेक्षा ते उत्तर जास्त खरे असेल.

सुरुवात मोठ्या माणसांसाठीही मुलांच्या पुस्तकांपासून करावी. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतील पुस्तके स्वस्त आहेत आणि त्यांतली अनेक मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाली आहेत. अशी पुस्तके जोडीने घ्यावीत आणि कपाटात शेजारी शेजारी ठेवावीत. त्यानंतर प्रेमचंदांच्या कथा. त्यांचे निधन १९३६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. अनेक प्रकाशकांच्या कमी किमतीच्या आवृत्त्या मिळतात आणि संगणकावर विनामूल्यही वाचता येतात. त्यांची वाक्ये लहान, गावातली माणसे आपल्या ओळखीची. उर्दू वळणाचे शब्द मात्र अडवतील, म्हणून टिपा असलेली आवृत्ती निवडावी. समग्र साहित्याचे जाड खंड घेऊ नयेत. ते कपाटाची शोभा वाढवतात आणि तसेच राहतात.

प्रौढ वाचकांसाठी मी आणखी एक सुचवीन. साहित्य अकादमी मराठीतील अनेक कादंबऱ्या आणि आत्मकथने हिंदी अनुवादात प्रसिद्ध करते. वाचकाने मराठीत आधीच वाचलेले पुस्तक हिंदीत हाती घेतले की कथानक शोधण्यात शक्ती खर्च होत नाही आणि नजर भाषेवर राहते. आपल्या समुद्राची, पावसाची, घरातल्या भांडणांची वाक्ये हिंदीत कशी उतरली, हे पाहण्यातच पुष्कळ शिकणे होते.

आणि आपल्या गावात एक साधन असे असेल की ज्यासाठी पैसे लागणार नाहीत. राष्ट्रभाषेच्या परीक्षा एकेकाळी गावोगावच्या शाळांत होत, आणि त्यांतल्या ‘कोविद’ किंवा ‘पंडित’ या वरच्या परीक्षा दिलेल्या एखाद्या आजी, एखादे निवृत्त गुरुजी आजही अशा गावांतून असतात. शनिवारी संध्याकाळी एक तास त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. कपाटापेक्षा हा तास आधी सुरू झाला तरी चालेल.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बँक व केंद्रीय कार्यालयांतील नोकऱ्यांची तयारी करतो. बाहेरून देता येतील अशा हिंदीच्या परीक्षा कोणत्या? त्यांचा उपयोग होतो का? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा (पुणे), १९३६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रभाषा प्रचार समिती (वर्धा) आणि मुंबई हिंदी विद्यापीठ या संस्था क्रमवार परीक्षा घेतात. केंद्रे बहुधा शाळांमध्ये असतात आणि घरी अभ्यास करून बसता येते. यांतल्या ज्या परीक्षांना शासनाची मान्यता आहे ती हिंदीच्या पातळीपुरतीच असते. ती पदवी किंवा शालान्त प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. शुल्क भरण्यापूर्वी हे नीट समजून घ्यावे आणि ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याच्या जाहिरातीत कोणती अट आहे ते वाचावे. इंग्रजी वाचनाची सवय असेल तर केंद्रीय हिंदी निदेशालयाचे पत्राचार अभ्यासक्रम १९६८ पासून चालू आहेत, तेही पाहावेत.

प्रमाणपत्रापेक्षा तयारीचा विचार केला तर आपल्याला कार्यालयीन हिंदी हवी. वर उल्लेखलेल्या ‘लीला’मध्ये प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ असे तीन टप्पे आहेत, मराठी भाषकाने प्रबोध भरभर उरकून प्रवीणपासून मन लावून अभ्यास करावा. खरी ठेच सारख्या दिसणाऱ्या शब्दांना लागते. आपली ‘हरकत’ म्हणजे हिंदीतली ‘आपत्ति’, आणि आपली ‘आपत्ती’ म्हणजे हिंदीतली ‘आपदा’. हिंदीत ‘हरकत’ म्हटले तर हालचाल किंवा गैरवर्तन असा अर्थ होतो. ‘शिक्षा विभाग’ शिक्षण देतो, दंड करत नाही. ‘चेष्टा करना’ म्हणजे प्रयत्न करणे. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत ‘गर्व’ मानाने सांगतात आणि ‘अभिमान’ या शब्दाला बहुधा अहंकाराची छटा असते. मुलाखतीत ‘मुझे अपने गाँव पर अभिमान है’ म्हणण्याऐवजी ‘गर्व है’ म्हणावे. अशा शब्दांची यादी कोणी आयती देत नाही. वाचताना थबकाल तेथे आपणच टिपून ठेवावी.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७१. हिंदी वाचतो, पण बोललेली हिंदी भरभर निघून जाते आणि माझे उच्चार नातवाला विचित्र वाटतात. लिहिताना ‘कवी’ की ‘कवि’ असाही घोळ होतो. (एक वाचक, गुहागर तालुका)

आपल्यासाठी आकाशवाणीसारखे साधन नाही. वृत्तनिवेदकाचे शब्द स्पष्ट, वेग बेताचा आणि विषय आपल्याला आधीच ठाऊक असलेले. सकाळी मराठी बातम्या ऐकाव्यात आणि त्याच दिवसाचे हिंदी समाचार नंतर ऐकावेत. घटना माहीत असल्याने कान शब्दांकडे वळतो. ‘न्यूज ऑन एअर’ या प्रसारभारतीच्या सेवेवर बातमीपत्रे ऐकण्याखेरीज त्यांची लिखित प्रतही मिळते, त्यामुळे जे वाक्य निसटले ते वाचून पुन्हा ऐकता येते. विविध भारतीवरचे निवेदन आणि श्रोत्यांशी होणाऱ्या गप्पा हा त्यापुढचा टप्पा आहे. गाण्यांवर मात्र फार विसंबू नये. गाण्यातली शब्दरचना चालीसाठी उलटसुलट झालेली असते, आणि नुसत्या गाण्यांवर शिकलेला माणूस हृदयभंग उत्तम सांगतो पण दुकानात सुटे पैसे मागताना अडतो.

उच्चारांत चार-पाच जागा सुधारल्या तर नातवाची तक्रार राहणार नाही. ‘पैसा’, ‘और’ यांतले ऐ आणि औ आपण ‘अइ’, ‘अउ’ असे उच्चारतो. हिंदीत ते एकसंध आणि पसरट आहेत, ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतल्या स्वरांच्या जवळचे. ‘ज्ञान’चा उच्चार ‘ग्यान’ असा आणि ‘कृपा’चा ‘क्रिपा’ असा होतो. आपल्या ‘चमचा’तला दंत्य च हिंदीत नाही, तेथे सगळे च ‘चिंच’मधल्या पहिल्या च सारखे. ‘ज़’ आणि ‘फ़’ खालचा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, वाचताना पाळावा.

‘कवी’चा घोळ तर दोन भाषांच्या दोन नियमांचा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहितात. हिंदीत संस्कृत शब्द मुळाप्रमाणे ठेवतात. म्हणून आपले कवी, शक्ती, व्यक्ती, वस्तू, गुरू हे हिंदीत कवि, शक्ति, व्यक्ति, वस्तु, गुरु असे होतात. दोन्ही बरोबर, आपापल्या घरी.

गुहागरहून चिपळूणला गाडी पकडायला जाल तेव्हा फलाटावर कान देऊन ऐकावे. कोकण रेल्वेवर १९९८ पासून पूर्ण मार्गाने गाड्या धावतात आणि स्थानकांवरील उद्घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजीत होते. एकच मजकूर मराठीनंतर लगेच हिंदीत, तोही पुन्हापुन्हा ऐकण्याची अशी संधी दुसरीकडे सहसा मिळत नाही.

प्रश्न : माझ्या दोन बोटी आहेत. खलाशी नेपाळचे, उत्तर प्रदेशचे आणि काही ओडिशाचे. त्यांच्याशी बोलूनच मी हिंदी शिकलो. मुलगा म्हणतो, तुमची हिंदी चुकीची आहे. खलाशांकडून हिंदी शिकणे योग्य की नाही? (एक नौकामालक, हर्णै बंदर, दापोली तालुका)

बोटीवर वेळेला समजणारी हिंदी ही चुकीची हिंदी नव्हे. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या खलाशांपैकी बहुतेकांचीही हिंदी ही घरची भाषा नाही. नेपाळच्या माणसाची भाषा नेपाळी, ओडिशाच्या माणसाची ओडिया, आणि उत्तर प्रदेशच्या पूर्वेकडचा असेल तर घरी भोजपुरी किंवा अवधी. ‘हम जाता है’ असे कोणी म्हणाला तर तो आपल्याप्रमाणेच दुसऱ्याची भाषा वापरतो आहे. त्यामुळे त्यांच्याकडून शब्द घ्यावेत, ऐकण्याची सवय घ्यावी, वाऱ्यापाण्याचे बोलणे घ्यावे; लिंग आणि क्रियापदाची रूपे यांसाठी त्यांच्यावर भार टाकू नये. ते काम मुलाच्या शाळेच्या पुस्तकाने होईल, आणि ते पुस्तक त्याच्याबरोबर बसून वाचण्यात संकोच वाटू देऊ नये.

एक विनंती आहे. आपण त्यांच्याकडून हिंदी घेता, तसे त्यांना मराठी द्यावे. बंदरावरच्या लिलावात, दवाखान्यात आणि बाजारात त्यांना तिची गरज रोज पडते. जाळी विणताना किंवा बर्फाची वाट पाहताना पाच वाक्ये त्यांची आणि पाच आपली, एवढे ठरवले तरी चालेल. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि मंडळी आपापल्या गावी जातात; त्याआधी ही वाक्ये दोन वह्यांत उतरवून एक त्यांच्याबरोबर द्यावी आणि एक आपल्याकडे ठेवावी. बंदी उठून बोटी पुन्हा पाण्यात जातील तेव्हा दोन्ही वह्या समोरासमोर उघडता येतील.